घरातील सेवेचे अध्यात्म : अपंग मुलांचे संगोपन आणि फ्रान्समधील कॅथलिक कुटुंबे (१९२८–१९७५)

अपंग मुलाचे रोजचे संगोपन हे ख्रिस्ती जीवनाचे पूर्ण प्रयोजन ठरू शकते, हा विचार आज परिचित वाटत असला, तरी युरोपच्या धार्मिक इतिहासात तो बराच उशिरा रुजला. अपंगांची सेवा ख्रिस्ती परंपरेला कधीच परकी नव्हती. चौथ्या शतकात कैसरिया येथे बिशप बेसिल यांनी आजारी आणि निराधार लोकांसाठी उभारलेल्या वसाहतीपासून मध्ययुगातील मठांच्या रुग्णालयांपर्यंत तिचे अनेक पुरावे मिळतात. परंतु या परंपरेत सेवा करणारे बहुधा व्रतस्थ संन्यासी किंवा धर्मभगिनी असत, सेवेचे स्थान मठ किंवा आश्रम असे, आणि जी आई आपल्या मुलाला वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने भरवते, न्हाऊ घालते आणि रात्री-अपरात्री उठून त्याची कूस बदलते, तिच्या श्रमांना धर्मकृत्याचा दर्जा क्वचितच मिळे. विसाव्या शतकाच्या मध्यावर, साधारणतः १९२८ ते १९७५ या काळात, फ्रान्समधील कॅथलिक कुटुंबांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. हे परिवर्तन धर्मपीठाच्या आदेशाने सुरू झाले नाही. काही घरांनी ते आधी जगून दाखवले, मग त्याला शब्द मिळाले, आणि चर्चने त्याला जागा करून दिली ती सर्वांत शेवटी.

या कुटुंबांच्या वाट्याला जो वारसा आला होता, त्यात दोषारोपाचा भाग मोठा होता. जन्मजात व्यंग हे पापाचे फळ असते, ही समजूत फार जुनी असून योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात शिष्य येशूला नेमका हाच प्रश्न करतात की, जन्मांध माणसाच्या बाबतीत पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईवडिलांचे. आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. हा नकार धर्मग्रंथात असूनही लोकमानसातून संशय गेला नाही. एकोणिसाव्या शतकात त्याला वैद्यकाचे बळ मिळाले. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ बेनेदिक्त मोरेल यांनी १८५७ मध्ये अधःपतनाचा सिद्धांत मांडला. त्यानुसार पालकांचे मद्यपान, व्यसने किंवा दुराचार पुढच्या पिढ्यांत रोग आणि मंदबुद्धी या रूपाने उतरतो असे मानले जाई. १८६६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी ज्या अवस्थेचे वर्णन केले आणि जी आज डाऊन सिंड्रोम या नावाने ओळखली जाते, तिच्याबद्दलही असेच तर्क चालत. परिणामी असे मूल जन्माला आले, की घराण्याच्या अब्रूला धक्का लागला असे समजून त्याला दूरच्या आश्रमात पाठवणे किंवा पाहुण्यांच्या नजरेआड ठेवणे ही प्रतिष्ठित घरांची रीत होऊन बसली.

त्याच वारशात एक वेगळा प्रवाहही होता. बिशप फ्रान्सिस द साल यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात, संसारी माणसालाही आपल्या स्थितीत राहून पावित्र्य साधता येते, असे प्रतिपादन केले होते. यातूनच फ्रेंच कॅथलिक परंपरेत ‘स्थितीचे कर्तव्य’ ही कल्पना दृढ झाली. आई, सैनिक, शेतकरी, व्यापारी यांच्या वाट्याला जे काम आले आहे ते मनापासून करणे हीच त्यांची ईश्वरसेवा, असा तिचा अर्थ. लिझ्यू येथील कार्मेल मठातील तरुण धर्मभगिनी तेरेजा यांचे आत्मकथन १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले, १९२५ मध्ये त्यांना संतपद मिळाले, आणि लहानसहान कामे मोठ्या प्रेमाने करण्याचा त्यांचा ‘लहान मार्ग’ फ्रान्समधील घराघरांत पोहोचला. ज्या पिढीने पुढे अपंग मुलांचे संगोपन घरातच करायचे ठरवले, ती पिढी या शिकवणीत वाढली होती.

या पिढीतील सर्वांत परिचित घर चार्ल्स आणि इव्हॉन द गॉल यांचे होय. त्यांचे तिसरे आणि शेवटचे अपत्य, ॲन, हिचा जन्म १ जानेवारी १९२८ रोजी जर्मनीतील ट्रिअर येथे झाला; त्या वेळी द गॉल तेथील फ्रेंच सैन्यात एका पलटणीचे प्रमुख होते. ॲनला डाऊन सिंड्रोम असल्याचे स्पष्ट झाल्यावर तिला कोठेही न पाठवता थोरली भावंडे फिलिप आणि एलिझाबेथ यांच्याबरोबर घरातच वाढवायचे, असा निर्णय या दांपत्याने घेतला आणि बैरूतपासून पॅरिसपर्यंतच्या प्रत्येक बदलीत तो पाळला. १९३४ मध्ये त्यांनी कोलोंबे-ले-द्यू-एग्लिझ या खेड्यात ‘ला ब्वासरी’ हे घर घेतले. मुलीला शांत, मोकळी आणि परक्या नजरांपासून दूर अशी जागा मिळावी, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते.

या घरातील दिनक्रमाबद्दल जे नोंदले गेले आहे, त्यात ताठ आणि अबोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सेनाधिकाऱ्याचे वेगळेच रूप दिसते. घरी परतल्यावर ते मुलीला मांडीवर घेत, तिच्यासाठी गाणी म्हणत, टाळ्या वाजवत, गोष्टी सांगत आणि आपली लष्करी टोपी तिला खेळायला देत. तिला स्पष्टपणे उच्चारता येणारा शब्द ‘पापा’ हा होता, असे निकटवर्तीयांनी सांगितले आहे. तथापि या आठवणी वाचताना एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. भरवणे, आंघोळ, कपडे बदलणे, आजारपणातील जागरण हा अखंड भार आई आणि मार्गरीत पोतेल नावाच्या परिचारिका यांनी वाहिला होता. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना इव्हॉन तिन्ही मुलांना आणि या परिचारिकेला बरोबर घेऊन ब्रेस्ट बंदरातून जहाजाने निघाल्या आणि इंग्लंडमध्ये फालमथला पोहोचल्या, तेव्हा पती नेमके कोठे आहेत हेही त्यांना ठाऊक नव्हते. इंग्लंडमध्ये वारंवार घरे बदलावी लागली, पुढे अल्जीअर्सला मुक्काम हलला, पण ॲन सर्वत्र कुटुंबाबरोबरच राहिली.

हे सारे सहज घडले असे मानणे या पालकांवर अन्याय करण्यासारखे होईल. आपली मुलगी इतर मुलींसारखी असती, तर त्यासाठी आरोग्य, संपत्ती, बढती असे सर्व काही देऊन टाकले असते, अशी भावना इव्हॉन यांनी एका मैत्रिणीला कळवल्याचे चरित्रकार नमूद करतात. ॲनचा जन्म ही परीक्षा होती, पण आता तीच आपला आनंद आणि आपले बळ आहे, यशापयशाच्या पलीकडे पाहायला तीच शिकवते, अशा आशयाचे उद्गार द गॉल यांनी युद्धकाळात एका धर्मगुरूंपाशी काढले होते. या दोन उद्गारांत विसंगती नाही. पहिल्यात दुःखाची कबुली आहे, दुसऱ्यात त्या दुःखातून मिळालेल्या अर्थाची. आणि ख्रिस्ती दृष्टीने पाहता दुसरे पहिल्याला पुसून टाकत नाही, कारण क्रूस नाकारून पुनरुत्थानापर्यंत पोहोचण्याचा मार्ग या श्रद्धेला मान्यच नाही.

या घरगुती निर्णयाचे वजन त्या काळाच्या पार्श्वभूमीवर तोलले पाहिजे. सुप्रजननवाद, म्हणजे ‘निकृष्ट’ ठरवलेल्या माणसांची वंशवृद्धी रोखून समाज सुधारता येतो हा विचार, तेव्हा अनेक सुशिक्षितांना शास्त्रीय वाटत होता. पोप पायस ११वे यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या विवाहविषयक परिपत्रकात सक्तीच्या नसबंदीचा निषेध केला, तरी जर्मनीने जुलै १९३३ मध्ये तसा कायदा केलाच, आणि ऑगस्ट १९३९ पासून अपंग अर्भकांची नोंद सक्तीची करून त्यांना ठार मारण्याची गुप्त योजना सुरू केली. तिच्यात किमान ५,००० मुले मारली गेली. प्रौढ रुग्णांसाठीच्या समांतर योजनेत ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० जणांचा बळी गेला. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी व्यासपीठावरून या हत्यांचा जाहीर धिक्कार केला. फ्रान्समध्ये अशी योजना राबवली गेली नाही. परंतु जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी राजवटीच्या काळात मनोरुग्णालयांतील सुमारे ४५,००० रुग्ण उपासमार आणि तिच्याबरोबर येणारे रोग यांमुळे दगावले. उपयुक्ततेच्या मापाने माणूस मोजण्याच्या या काळात अपंग मुलाला घासातला घास देणे हा त्या मापाला दिलेला ठाम नकार होता.

या नकाराला तत्त्वज्ञानाची भाषा दिली ती इमॅन्युएल मुनिए यांनी. १९३२ मध्ये ‘एस्प्री’ हे मासिक सुरू करणारे मुनिए व्यक्तिवादाचे प्रवर्तक मानले जातात. येथे व्यक्तिवाद म्हणजे स्वार्थ नव्हे. प्रत्येक मानवी व्यक्ती ईश्वराने हाक मारलेली, अनन्य आणि कोणत्याही उपयोगासाठी न वापरता येणारी असते, हा तो सिद्धांत. या सिद्धांताची कसोटी त्यांच्या घरातच लागली. त्यांची पहिली मुलगी फ्रांस्वाज १९३८ मध्ये जन्मली आणि पहिले वर्ष पुरे होण्याआधीच देवीची लस टोचल्यानंतर झालेल्या मेंदूज्वराने तिची समज कायमची हिरावली गेली. युद्धामुळे सैन्यात दाखल झालेल्या मुनिए यांनी पत्नी पोलेट यांना लिहिलेल्या पत्रांतून या आघाताशी चाललेली त्यांची झुंज दिसते. आपल्यावर एक दुर्दैव कोसळले आहे, असे समजून दिवस ढकलण्याऐवजी आपल्या घरी कोणीतरी आले आहे आणि त्याचे आगमन ओळखले पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते येतात. मुलीच्या निःशब्द अस्तित्वाची तुलना ते मिस्सेत अर्पण केल्या जाणाऱ्या शुभ्र भाकरीशी करतात. कॅथलिक श्रद्धेनुसार ही भाकर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, वरकरणी साधी दिसत असली तरी तिच्यात ख्रिस्त प्रत्यक्ष उपस्थित असतो, आणि उपासक तिच्यापुढे मागणे विसरून नुसता बसून राहतो. मुलीच्या पाळण्यापाशी घालवलेला वेळ हा अशा आराधनेचा वेळ आहे, असे मुनिए यांना म्हणायचे होते.

या विचारातील नावीन्य बारकाईने पाहण्यासारखे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायाच्या आधारे परंपरेने असे शिकवले होते की, दुर्बळाला दिलेले अन्न ख्रिस्तालाच पोहोचते. ही शिकवण थोर असली, तरी तिचा गैरवापर करून दुर्बळ माणसाला दुसऱ्याच्या पुण्यसंचयाचे साधन बनवणे सोपे होते. सेवा करणारा मोठा होई आणि सेवा घेणारा निमित्तमात्र उरे. मुनिए यांच्या पत्रांत आणि द गॉल यांच्या उद्गारांत ही रचना उलटते. मूल घेणारे न राहता देणारे होते, आणि पालक पुण्य कमावणारे न राहता कृपा स्वीकारणारे होतात. संगोपनातील प्रयोजन त्यागाच्या मोजमापात शोधण्याऐवजी मुलाच्या सान्निध्यात शोधण्याची ही वाट होती.

परंतु सान्निध्याचे अध्यात्म एका व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नव्हते, आणि तो प्रश्न अपंग मुलांच्या सर्वच पालकांना रात्री जागवतो : आमच्या माघारी या लेकराचे कोण करणार? इव्हॉन द गॉल यांनी या चिंतेतूनच १९४५ मध्ये पतीसह ‘ॲन द गॉल प्रतिष्ठान’ स्थापन केले आणि पॅरिसच्या नैऋत्येला, शव्हरोझच्या खोऱ्यातील मिलों-ला-शापेल येथे व्हेर-कर नावाचा वाडा घेऊन धर्मभगिनींच्या देखरेखीखाली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींसाठी निवास सुरू केला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज पोंपिदू यांनी या प्रतिष्ठानाचा हिशेब सांभाळला, तर द गॉल यांच्या युद्धस्मृतींच्या ग्रंथांचे मानधन प्रतिष्ठानाकडे वळवण्यात आले. ज्या मुलीच्या भविष्यासाठी ही व्यवस्था उभी राहिली, तिला मात्र तिची गरज पडली नाही. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी, विसाव्या वर्षी, फुप्फुसदाहाने ॲनचा मृत्यू झाला आणि कोलोंबेच्या चर्चच्या आवारात तिला पुरण्यात आले.

आता ती इतरांसारखी झाली, असे द गॉल यांनी थडग्यापाशी पत्नीला सांगितल्याची आठवण सर्वश्रुत आहे. पुनरुत्थानावरील श्रद्धेतून आलेला हा दिलासा त्या काळाला अनुरूप होता. नंतरच्या ख्रिस्ती विचारवंतांनी मात्र याच मुद्द्यावर पुढचा प्रश्न उपस्थित केला : स्वर्गात अपंगत्व पुसले जाते असे म्हणताना, पृथ्वीवरचे ते जीवन अपुरे होते असे तर आपण सुचवत नाही? अमेरिकेतील अपंग धर्मशास्त्रज्ञ नॅन्सी आयझलँड यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पुनरुत्थित येशूच्या हातापायांवर जखमांच्या खुणा कायम होत्या, म्हणजे व्यंगामुळे पूर्णत्वाला उणेपण येत नाही, याकडे लक्ष वेधले.

युद्धोत्तर फ्रान्समध्ये पालकांचा एकाकीपणा हळूहळू सुटू लागला. १९४९ मध्ये पॅरिसला ‘पापियों ब्लां’, म्हणजे पांढरी फुलपाखरे, या नावाची पालक संघटना उभी राहिली, आणि १९६० मध्ये अशा संघटनांचा राष्ट्रीय महासंघ झाला. दरम्यान जानेवारी १९५९ मध्ये रेमों त्युर्पँ, मार्थ गोतिए आणि जेरोम लजन यांनी डाऊन सिंड्रोममध्ये एक गुणसूत्र जादा असते, हे प्रसिद्ध केले. या शोधाने उपचार मिळाला नाही, तरी आईच्या वर्तनावर किंवा घराण्याच्या चारित्र्यावर ठेवला जाणारा दोष निराधार ठरला. शुभवर्तमानातील जुना नकार विज्ञानाच्या भाषेत पुन्हा उच्चारला गेला.

चर्चमध्ये मात्र एक दार अद्याप बंद होते. पोप पायस १०वे यांनी १९१० मध्ये मुलांना साधारण सातव्या वर्षापासून ख्रिस्तप्रसाद घेण्याची मुभा दिली होती. त्यासाठी साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतील भेद मुलाला कळावा, एवढीच समज अपेक्षित होती. परंतु ज्याला बोलताच येत नाही त्याला तो भेद कळतो की नाही हे ठरवणार कोण, असे म्हणून अनेक धर्मगुरू बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना प्रथम ख्रिस्तप्रसाद देण्यास कचरत. धर्मगुरू आणि शिक्षणतज्ज्ञ आंरी बिसोनिए यांच्यासारख्यांनी स्पर्श, हावभाव, चित्र आणि मौन यांवर आधारलेली धर्मशिक्षणाची पद्धत घडवून या संकोचाला उत्तर दिले. १९६३ मध्ये मारी-एलेन मात्यु यांनी अपंगांसाठीचे ख्रिस्ती कार्यालय स्थापन केले आणि १९६८ मध्ये पालकांसाठी ‘ओंब्र ए ल्युमिएर’, म्हणजे छाया आणि प्रकाश, हे नियतकालिक सुरू केले.

याच सुमारास घडलेल्या एका प्रसंगातून पुढची चळवळ उभी राहिली. तीव्र अपंगत्व असलेल्या दोन मुलांना घेऊन एका फ्रेंच दांपत्याला आपल्या धर्मप्रांताच्या यात्रेबरोबर लुर्डला जायचे होते. मुलांमुळे इतरांना त्रास होईल म्हणून त्यांना नकार मिळाला. ते एकटेच गेले, तेव्हा उपाहारगृहात मुलांना आणू नये, जेवण खोलीतच घ्यावे, अशी अट त्यांच्या निवासाच्या ठिकाणी घालण्यात आली. जे तीर्थक्षेत्र आजाऱ्यांसाठीच प्रसिद्ध होते, तेथे हे घडले. त्या आईवडिलांनी आपली व्यथा मात्यु आणि ‘लार्श’चे संस्थापक जाँ व्हानिए यांच्यापुढे मांडली, आणि त्यातून ठरलेल्या यात्रेसाठी १९७१ च्या ईस्टरला १५ देशांतील सुमारे १२,००० यात्रेकरू लुर्डला जमले. त्यांपैकी सुमारे ४,००० जण बौद्धिक अक्षमता असलेले होते. त्यांच्या बाजूला त्यांचे आईवडील होते, आणि प्रत्येक लहान गटात मित्र म्हणून आलेले तरुण होते. यातूनच ‘श्रद्धा आणि प्रकाश’ ही चळवळ जन्मली. मूल, पालक आणि मित्र यांनी नियमाने एकत्र भेटावे, प्रार्थना करावी आणि एकमेकांचा भार हलका करावा, असे तिचे साधे स्वरूप असून ती पुढे भारतासह अनेक देशांत पोहोचली.

व्हानिए यांनी १९६४ मध्ये त्रोली-ब्रय या गावी ‘लार्श’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्यांसोबतच्या सहजीवनाची वसाहत सुरू केली होती. तिची भारतातील पहिली शाखा ‘आशा निकेतन’ या नावाने १९७० मध्ये बंगळूरला उभी राहिली. व्हानिए यांना हयातीत संताचा मान मिळाला. त्यांच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीत, त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे निष्पन्न झाले. २०२३ च्या अहवालात अशा स्त्रियांची संख्या किमान २५ असल्याचे नमूद झाले. हे सत्य इतिहासातून वगळता येत नाही, आणि त्यामुळे सेवेच्या परंपरेचे श्रेय एखाद्या प्रभावी पुरुषाच्या पदरात घालण्याची सवयही तपासावी लागते. तिचा खरा आधार, ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत अशा हजारो घरांत होता आणि आहे.

३० जून १९७५ च्या फ्रेंच कायद्याने अपंगांचे शिक्षण, उपचार आणि सामाजिक समावेशन हे राष्ट्राचे कर्तव्य ठरवले, आणि जे ओझे घराने एकट्याने उचलले होते त्यात शासनही वाटेकरी झाले. या जवळजवळ पन्नास वर्षांचा निष्कर्ष दुहेरी आहे. अपंग मुलाच्या रोजच्या संगोपनात ख्रिस्ती माणसाला ईश्वराचे सान्निध्य लाभू शकते, याची साक्ष या घरांनी दिली आणि ती खरी मानावी लागते. परंतु ज्या घरांनी ही साक्ष दिली, त्याच घरांनी प्रतिष्ठाने काढली, संघटना बांधल्या, धर्मगुरूंची दारे ठोठावली आणि मदत मागितली, ही गोष्टही तितकीच खरी आहे. म्हणून थकलेल्या आईला तिच्या क्रूसाचे मोल समजावून सांगण्याचा अधिकार, तिच्या मुलाला दोन घटका सांभाळायला जो पुढे येतो त्यालाच पोहोचतो. आणि ज्या धर्मग्रामात असा एकही शेजारी पुढे येत नाही, तेथे सेवेच्या प्रयोजनाबद्दल प्रवचन करण्याआधी त्या धर्मग्रामाने स्वतःच्या कर्तव्याचा हिशेब मांडला पाहिजे.